दोराचं टोक

"ह्या खंयच्या टोपातला गो, बायो?"

मामंजी पानावर बसले की पहिला घास घेण्याआधी हा प्रश्न ठरलेला. मी पदराला हात पुसत म्हणायची, "तुमच्याच टोपातला, मामंजी. जेवा आता." मग ते डोळे मिटून पानाला हात लावत आणि जेवायला लागत. रोज दुपारी, रोज संध्याकाळी. एखाद्या दिवशी मला इतका वैताग यायचा की वाटायचं, सांगावं खोटंच काहीतरी. पण त्या माणसाशी खोटं बोलवत नसे.

एकाच चुलीवर दोन टोप चढायचे आमच्याकडे. मोठा टोप माझा, माझ्या लेकीचा आणि घरी आला तर नवऱ्याचा. लहान टोप एकट्या मामंजींचा. त्यांचे तांदूळ वेगळ्या डब्यात, त्यांची मासळी वेगळी. भावाभावांची वाटणी झालेल्या घरात असं चालतं, पण इथे बाप आणि एकुलता एक मुलगा. शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही एकदा चिडवलं होतं. म्हटलं, "मामंजी, मीठ मात्र दोन्हींत एकाच बरणीतला पडता. चलात ना?" मला वाटलं रागावतील. तर त्यांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "मीठ चलात."

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. पण आता मी साठी ओलांडली आहे, आणि सारखं 'हे, हे' करत बसले तर तुम्हालाच कळायचं नाही कोण ते. तर गुरुनाथ. गुरुनाथ पर्ससीनच्या, म्हणजे मोठ्या यांत्रिक जाळ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला, तिथून हे दोन टोप सुरू झाले.

आमची शिरगणीची वाडी रापणीवर जगायची. रापण म्हणजे अख्ख्या वाडीचं मिळून एक लांबलचक जाळं. होडी ते घेऊन समुद्रात जाते, अर्धा गोल करून सोडत परत किनाऱ्याला येते. जाळ्याच्या दोन टोकांना दोन दोर. एक दोर पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या उत्तरेला, एक दक्षिणेला. बाया, बाप्ये, म्हातारे, सगळे दोन्हीकडून ओढतात आणि मासळी घेऊन जाळं वाळूला लागतं. मग वाटे पडतात. आणि वाट्याचा नियम एकच: जाळं वाळूला लागेल तेव्हा ज्याचा हात दोराला, त्याला वाटा. मग तो घरमालक असो, विधवा असो, नाहीतर रस्त्याने चाललेला परका असो. आणि दोर सोडून गेला तर तांडेल असला तरी त्याला काही नाही.

आमचे मामंजी त्या रापणीचे तांडेल. आतू तांडेल म्हणून पंचक्रोशीत ओळखायचे. पाण्याचा रंग बघून मासळी कुठे आहे ते सांगायचे, होडी कधी सोडायची ते ठरवायचे. आणि दोर फेकावा तर त्यांनीच. आतू तांडेलाचा दोर आपण घ्यायचा नसतो, तोच हातात येऊन बसतो, असं वाडीत म्हणायचे.

पण मासळी किनाऱ्याला येईल तर रापण चालणार. पर्ससीनच्या बोटी सरकारी हद्द मोडून आत यायच्या आणि थवेच्या थवे गोल जाळ्यात गुंडाळून न्यायच्या. कायद्याने त्यांना इतकं आत यायला बंदी होती. कायदा कागदावर आणि बोटी आमच्या दारात. आमच्या जाळ्यात मग यायचं काय? कचरा, खेकडे आणि जेलीफिश. आठवडेच्या आठवडे बाया रिकाम्या टोपल्या घेऊन परत जायच्या.

एक दिवस गुरुनाथ म्हणाला, "मी जातंय बोटीर."

मी म्हटलं, "खंयच्या बोटीर?"

तो खुंटीवरची पिशवी काढून झटकायला लागला, तेव्हाच मला कळलं.

"आपल्याच पोटार पाय देवक जातास?" मी विचारलं.

"पोटात काय आसा, म्हणान पाय देतलंय?" तो म्हणाला. "ते मासे नेतलेच. मी गेलंय तरी आणि नाय गेलंय तरी. शुभाक पुढे शिकवूचा आसा की नाय?"

छप्पर गळत होतं, लेक हुशार होती. मी त्याची पिशवी भरून दिली.

चार दिवसांनी देवळासमोर बैठक बसली. आणखी दोन घरांतले पोरगे जायच्या बेतात होते, त्यामुळे वाडी पेटलेली. नियम मामंजींनीच मांडला. "ज्येच्या घरातलो माणूस पर्ससीनवर जायत, त्या घराक दोर नाय." सगळे त्यांच्याकडेच बघायला लागले. कारण तोवर गेलेलं घर एकच होतं. मामंजी म्हणाले, "माझ्या घरापासून सुरुवात करा. माझ्या सुनेक उद्यापासून दोर देवचो नाय." ते स्वतःही दोर सोडायला तयार होते, पण तांडेलाशिवाय रापण कशी चालणार? वाडीनेच त्यांना सोडलं नाही. मग त्यांनी घरी येऊन दुसरा टोप मागितला.

मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून तो दोर ओढला होता. पोटात शुभा असताना ओढला होता. दोर ओढणारी बाई आणि न ओढणारी बाई ह्यांत वाडीत काय फरक असतो ते बाहेरच्याला नाही कळायचं. वाटा गेला ते एक झालं. पण बाजारात लिलावातले मासे विकायला बसले की बाजूची टोपली सरकायची, विहिरीवर बोलणं थांबायचं. मला तो दोर परत हवा होता. नवऱ्याच्या पैशांनी घरात तांदूळ आले होते, पण मला दोर हवा होता. मला लाज नाही वाटत सांगायला, मी त्यासाठी देवाला नारळ बोलले होते.

रापण लागली की मी मामंजींसाठी पेजेची किटली घेऊन जायची. दक्षिणेच्या दोराच्या मागे, वर सुक्या वाळूत एका तोडलेल्या माडाचा बुंधा होता. त्याच्याजवळ उभं राहायचं, त्याच्या पुढे जायचं नाही. ओढून झालेला दोर मामंजी तिथेच खाली गुंडाळत बसत. किटली बुंध्यावर ठेवली की त्यांनी बघायचं, मान हलवायची. एवढंच आमचं बोलणं.

थंडीचे दिवस होते. त्या सकाळी मी किटली घेऊन गेले तर पुळणीवर सगळी वाडी धावत होती. पाणी काळं पडलं होतं. बांगडा! इतका की बघायला डोळे नकोत, वासानेच कळावं. वर्षभरात असा थवा आत आला नव्हता. होडी जाळं सोडून परत आली होती, दोन्ही दोर किनाऱ्याला लागले होते आणि ओढणं सुरू झालं होतं. "हेऽऽ हैस्सा!" जयवंतीकाकी उत्तरेच्या दोरावर सगळ्यांत पुढे होती. ती सत्तरीची, कुणाचं ऐकायची नाही. माझे हात शिवशिवत होते. मी बुंध्याला टेकून उभी राहिले.

आणि खडपाच्या टोकाआडून बोट आली.

खडप म्हणजे आमच्या पुळणीच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेले काळे दगड. भरतीला निम्मे बुडतात. वाडीतली लहान पोरंही तिथे होडी नेत नाहीत. ती बोट मात्र थव्यामागून भरधाव आत आली, हद्दीच्या आत, आमच्या जाळ्याच्या आत. पुळणीवरून लोक ओरडायला लागले, हात हलवायला लागले. बोट थांबली नाही. आमच्या दक्षिणेच्या दोरावरून गेली, आणि मग थांबली. एकदम. इंजिन खोकल्यासारखं वाजलं आणि बंद पडलं. पंख्यात आमचा दोर गुंडाळला गेला होता.

"अडाकलो मेलो!" बाबल कुबल ओरडला आणि लोक चक्क हसले. मलाही हसू आलं असतं. पण बोटीच्या पुढच्या टोकावर निळ्या बनियनमधला एक माणूस उभा होता, आणि ते बनियन मी परवाच दोरीवरून काढून घडी घातलं होतं.

हसणं थांबलं ते लाटांमुळे. भरती होती. बंद पडलेली बोट लाटेबरोबर एकेक हात खडपाकडे सरकायला लागली.

आता नीट ऐका, म्हणजे तेव्हा पुळणीवर काय पेच पडला ते कळेल. दक्षिणेच्या दोरावर जेवढे लोक होते तेवढ्यांना ती बोट पेलणारी नव्हती. उत्तरेच्या लोकांनी आपला दोर सोडून इकडे यायचं, सगळ्या वाडीने मिळून एकच दोर ओढायचा, तर बोट वाळूला लागली असती. पण उत्तरेचा दोर सोडला की जाळ्याचं तोंड उघडं. वर्षभराने आलेला बांगडा पाण्यात परत. उलट, दक्षिणेच्यांनी हा दोर सोडून तिकडे जायचं, तर एका बाजूने का होईना जाळं आलं असतं, मासळीही आली असती. मग बोटीचं जे व्हायचं ते.

"सोडा ह्यो दोर!" बाबल ओरडला. "सगळे तिकडे चला! खडपार आपटांदेत मेल्यांका! कळांदे तरी एकदा!"

त्याला मी दोष देत नाही. त्याच्या घरात तीन पोरं आणि आजारी बायको होती.

दोन माणसांनी दोर सोडला. मग चौघांनी. मी मामंजींकडे बघितलं. सगळेच बघत होते. तांडेल म्हणेल ते होणार. मामंजी दोराचं टोक धरून उभे होते. समोर बोटीवर त्यांचा मुलगा होता.

काय बोलणार होते ते? ज्या माणसाने स्वतःच्या घराचा दोर काढला, त्याने आता वाडीचा घास मुलासाठी समुद्रात सोडायला सांगायचं? कुठल्या तोंडाने? आणि हा दोर सोडा म्हणायचं तर बाप कसला?

"तांडेलानू, काय ता बोला!" कोणीतरी ओरडलं.

मामंजींनी हातातलं दोराचं टोक फेकून दिलं. वळले आणि पाठ करून उभे राहिले.

ते टोक माझ्या पायांशी येऊन पडलं, माडाच्या बुंध्याला लागून. मला वाटलं, झालं. म्हाताऱ्याने हात टेकले. त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला की तोंडून काय काय निघालं ते आता सांगण्यासारखं नाही. मी किटली टाकली, पेज वाळूत गेली. मी वाकले आणि दोर धरला.

"ए! तुका दोर नाय!" बाबल.

"घाल तुझो दोर चुलीत!" मी ओरडले. "माका वाटो नको! माझो घोव आसा थंय!"

टाचा वाळूत रोवल्या आणि ओढायला लागले. बोट कुठली हलते? दक्षिणेच्या दोरावर तेव्हा आम्ही पाच-सहा जण उरलो असू. दोर माझ्या हातातून सरकत होता आणि तळवे सोलत होते. मी रडत होते आणि शिव्या देत होते, दोन्ही एकदम. बोटीवरची माणसं दिसत होती. कप्तान हातवारे करून गुरुनाथला काहीतरी सांगत होता. गुरुनाथच्या हातात कोयता होता.

दोर कापणार, मला वाटलं. कापला की संपलं.

एवढ्यात माझ्यामागे कोणाचा तरी श्वास वाजला. जयवंतीकाकी. उत्तरेचा दोर सोडून धावत आली होती.

"सर गो, माका जागा दी," ती म्हणाली. "एकटी काय ओढतलंस? बोट म्हणजे काय कोळंबी?"

ती आली म्हणून तिची सून आली. सून आली म्हणून तिच्या जावा आल्या. बाया आल्यावर बाप्ये किती वेळ उभे राहणार? उत्तरेचा दोर वाळूतून सापासारखा सरसरत पाण्यात गेला. जाळ्याच्या त्या बाजूला पाणी खळबळलं आणि काळा रंग हळूहळू खोल पाण्याकडे गेला. बाबल तो रंग जाईपर्यंत बघत राहिला. मग आला, माझ्या पुढे दोर धरला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला, "हेऽऽ हैस्सा!"

बोटीचं नाक खडपापासून वळलं. लाट मागून आली की ओढायचं, गेली की धरून ठेवायचं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. बोट वाळूला घासल्याचा आवाज झाला तेव्हा माझ्या हातांना बोटं आहेत हेही मला कळत नव्हतं.

खलाशी उड्या टाकून उतरले. कप्तान उतरला तो गुरुनाथच्या अंगावर धावून जात. "कोयता दिला होता ना हातात तुझ्या? सांगितलं होतं ना, दोर काप? कापला असतास तर मोकळे झालो असतो. आता बोट जप्त होणार!"

त्याला काय ठाऊक, दोर कापल्यावर बोट मोकळी होऊन कुठे गेली असती. परगावचा माणूस, खडप त्याने बघितलेलं नव्हतं.

"कोयतो पडलो," गुरुनाथ म्हणाला. "समुद्रात पडलो हातातसून."

सतरा वर्षांचा संसार झाला होता आमचा. ह्या माणसाच्या हातातून कधी काही पडलेलं मी बघितलेलं नव्हतं.

जाळं ओढून आणलं. थव्यातलं मागे राहिलेलं थोडंसं, चार टोपल्या भरतील एवढे बांगडे. मामंजी आले, वाळूत बसले आणि नेहमीसारखे वाटे लावायला लागले. मूठभर मूठभर. कोणी कुरकुर केली नाही. लावता लावता त्यांनी एक वाटा माझ्या पायांपुढे ठेवला.

"तांडेलानू," बाबल म्हणाला. रागाने नाही, नियमाचं विचारावं तसं. "तिका दोर नाय असा तुमीच ठरवलास ना?"

"दोर देवचो नाय, असा ठरला हुता," मामंजी मान वर न करता म्हणाले. "मी दिलंय? तिणा घेतल्यान."

बाबलने डोकं खाजवलं. "आणि दोराक हात लागल्यार वाटो," तो स्वतःशीच म्हणाला. "बरोबर आसा."

वाटे संपले. जयवंतीकाकीने बोटाने मोजल्यासारखं केलं. "आणि तुमचो खंय?"

"माझो हात खंय होतो?" मामंजी उठले आणि धोतराची वाळू झटकली.

दुपारी मत्स्य खात्याची माणसं येऊन बोट घेऊन गेली. काही दिवसांनी ती सुटली आणि पुन्हा समुद्रात दिसली, आम्ही काही अगदीच भोळे नव्हतो. गुरुनाथ मात्र तिच्यावर गेला नाही. संध्याकाळी तो पडवीत बसला होता, बापाच्या नजरेला नजर न देता. मी माझ्या वाट्याचे बांगडे साफ केले. हातांना फडकी गुंडाळली होती, मसाला लागून आग होत होती. मी एकच टोप चढवला. मोठा. तांदूळही एकाच डब्यातले, नवऱ्याच्या पैशांचे. मामंजींचा डबा मी उघडलाच नाही. मी खूप दमले होते आणि मला दोन टोपांचा कंटाळा आला होता.

मामंजी पानावर बसले. समोर गुरुनाथ बसला. मी वाढलं आणि उभी राहिले. आता विचारतील. विचारलं की मी सांगणार होते, मोठ्या टोपातला आहे, खायचं तर खा, नाही तर उठा.

त्यांनी भातावर सार घेतलं, कालवलं. एक घास खाल्ला.

"मीठ बरा पडलाहा," म्हणाले आणि जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी लहान टोप घासून फळीवर पालथा घातला. मला दोर कोणी दिला नाही, कोणी नाकारलाही नाही. रापण लागली की मी जाऊन धरायची.

पुढे रापणीला मासळीच उरली नाही. जाळं फाटत गेलं, तरुण पोरं मुंबईला, गोव्याला गेली. गुरुनाथ पर्यटकांची होडी चालवायला लागला. आता रापण ओढतात ती पाहुण्यांना फोटो काढायला. मामंजी शेवटची काही वर्षं पडवीत बसून असायचे. नजर गेली होती, पण हातात दोराचा एक तुकडा असायचा, गाठी मारायचे, सोडायचे.

अशाच एका दुपारी मी त्यांच्याजवळ तांदूळ निवडत बसले होते. मला इतकी वर्षं टोचत होतं ते विचारलं.

"मामंजी, रागावू नका. त्या दिवशी मी तुमका खूप वायट बोललंय. दोर टाकून पाठ फिरवलास, म्हणान माझा डोक्या फिरला. बापूस असून हात टेकलास, असा वाटला."

ते गाठ मारत राहिले.

"तू थंयच उभी ऱ्हवस ना," ते म्हणाले. "माडाच्या बुंध्याकडे. किटली घेवन."

"होय."

"मगे?" आंधळे डोळे माझ्याकडे वळवून ते म्हणाले. "जल्मभर दोर टाकलंय, बायो. खंय पडतलो, ता माका कळायचा नाय?"